गाण्याखालचे नाव



तुमच्यापैकी बहुतेकांनी हे पुस्तक दिवसभराचे काम आटोपल्यावर उघडले असेल. कोणी दुकान बंद करून आला असेल, कोणी मुलांना झोपवून बसली असेल. मीही बी.ए.ची पदवी अशीच घेतली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, शिकवण्या आणि कार्यक्रम यांच्या मधल्या वेळात. म्हणून तुमच्याशी बोलताना मला परकेपणा वाटत नाही. आज मी तुमच्याशी संगीताविषयी बोलणार आहे. मात्र राग, ताल किंवा घराणी यांविषयी नव्हे. कोणतेही गाणे क्षणात आणि बहुधा फुकट उतरवून घेता येते, अशा काळात गाण्यावर उपजीविका करू पाहणाऱ्याने आपले आयुष्य कसे उभारावे, हा माझा विषय आहे. याचे तयार उत्तर माझ्यापाशी नाही. जे आहे ते अनुभवाचे आहे, आणि त्या अनुभवात माझी एक चूकही आहे.

मी मिरजेची. मिरज हे गाणाऱ्यांचे आणि वाद्ये घडवणाऱ्यांचे गाव. पंढरपूरकडून आणलेल्या मोठाल्या भोपळ्यांपासून येथील सतारमेकर तंबोरे घडवतात आणि ते देशभर जातात. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी संगीत सभा भरते. लहानपणी त्या सभेत मी वडिलांच्या मांडीवर झोपी जात असे, असे आई सांगे.

माझे गुरुजी याच गावात दोन खोल्यांत राहत. सकाळी एका शाळेत संगीताचे तास आणि संध्याकाळी घरी शिकवण्या, असा त्यांचा दिनक्रम होता. संतांच्या अभंगांना चाली लावणे हा त्यांचा ध्यास होता. एका अभंगाची चाल तर त्यांनी सतरा दिवस घोळवली. शेवटच्या चरणात स्वर षड्जावर टेकू न देता मध्यमावर थांबवायचा आणि तेथूनच ध्रुवपदाकडे वळायचे, असा त्यांचा बेत होता. तो जमेना. अठराव्या दिवशी सकाळी मी शिकवणीला गेले तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवले आणि ती जागा गाऊन दाखवली. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. गुरुजींचे नाव मी या निबंधात लिहिणार नाही. ते जेथे लिहायला हवे होते तेथे लिहिले गेले नाही, आणि ती गोष्टच मला तुम्हांला सांगायची आहे.

१९९६ साली एका लहानशा कंपनीने माझ्या आवाजात आठ अभंगांची कॅसेट काढण्याची तयारी दाखवली. तो काळ कॅसेटचा होता. तबकड्यांच्या काळात ध्वनिमुद्रण मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती होते. कॅसेटने ते लहान व्यापाऱ्याच्या आवाक्यात आणले. भक्तिगीते, कोळीगीते, भीमगीते, लावण्या यांच्या कॅसेट जत्रांतून आणि एस.टी. स्टँडवरून विकल्या जाऊ लागल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेडोपाडी पोहोचला तो मुख्यतः याच वाटेने. आपलाही आवाज त्या वाटेने जाईल, या कल्पनेनेच मी हरखून गेले.

आठही अभंगांच्या चाली गुरुजींच्या होत्या. ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकले. मला रोख पाच हजार रुपये आणि शंभर कॅसेट मिळाल्या. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द असलेल्या कागदावर मी सही केली. ते शब्द मी वाचले होते. परंतु वाचणे आणि उमगणे यांत अंतर असते. छपाईपूर्वी वेष्टणाचा नमुना मला दाखवण्यात आला. त्यावर माझे नाव ठळक अक्षरांत होते आणि खाली बारीक अक्षरांत छापले होते, 'संगीत : पारंपरिक'. मी गुरुजींचे नाव सांगितले. समोरचे गृहस्थ म्हणाले, "बाई, अभंग म्हटला की पारंपरिकच. त्यात आणखी कुणाचं नाव घालायचं?" संगीतकाराचे नाव घातले की त्याला मोबदला देण्याचा प्रश्न उभा राहतो, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला तेव्हा सुचले नाही. एवढे मात्र कळत होते, की मी हट्ट धरला तर कॅसेट निघणार नाही. मी गप्प बसले.

कॅसेट घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वेष्टण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि हसून म्हणाले, "पारंपरिक! म्हणजे मी जिवंतपणीच परंपरेत जमा झालो की." त्यांनी पुढे काही विचारले नाही. २००५ साली ते गेले. ते हसणे मी अजून विसरलेले नाही.

आता २०१३ सालाकडे येते. आषाढी वारीचे दिवस होते. पंढरपूरला जाताना आमची बस सांगोल्याच्या स्टँडवर थांबली आणि चहाच्या टपरीवरून मला माझाच आवाज ऐकू आला. तोच अभंग, तीच मध्यमावर थांबणारी जागा. टपरीवाल्याने समोरच्या दुकानाकडे बोट दाखवले. तुम्हांला तो काळ आठवत असेल. गावोगावच्या मोबाइल दुकानांवर 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' अशा पाट्या असत. ज्यांच्या घरी संगणक नव्हता आणि ज्यांना इंटरनेट परवडत नव्हते, त्यांच्यासाठी डाउनलोड म्हणजे हे दुकान होते. मी त्या मुलाला अभंग मागितले. "दोनशे आहेत, मावशी. सगळे भरून देतो, तीस रुपये," असे म्हणून त्याने कार्ड संगणकाला जोडले. माझे गाणे यादीत 'अभंग ०७' या नावाने होते. मी विचारले, "हे कोण गातंय?" तो म्हणाला, "आहे कुणीतरी जुनी बाई. पण गिऱ्हाईक लई मागतंय हे."

मी तीस रुपये दिले आणि माझा आवाज विकत घेऊन बसमध्ये येऊन बसले.

मित्रांनो, त्या प्रवासात माझ्या मनात काय चालले होते ते सरळ सांगते. प्रथम राग आला. मग, कबूल करायला हवे, आनंदही झाला. सतरा वर्षांपूर्वीची माझी कॅसेट कोणाच्या कपाटात धूळ खात पडली नव्हती, ती वारीच्या वाटेवर वाजत होती. पंढरपूर जवळ आले तेव्हा मात्र वेगळाच हिशेब सुरू झाला. या मुलाने माझे नेमके काय घेतले? पैसे म्हणाल, तर ते मी १९९६ मध्येच पाच हजारांना विकून टाकले होते. त्याने बुडवले असतील तर कंपनीचे. त्याच्या यादीत माझे नाव नव्हते हे खरे. परंतु नाव गाळण्याची सुरुवात काही त्याने केली नव्हती. गुरुजींचे नाव माझ्या संमतीने, माझ्या डोळ्यांदेखत गाळले गेले होते. कॅसेटच्या वेष्टणावर निदान माझे तरी नाव होते. गाणे वेष्टणातून बाहेर पडून फाइल झाले, तेव्हा तेही गळून पडले. जी गोष्ट मी गुरुजींच्या बाबतीत होऊ दिली, तीच माझ्या वाट्याला आली होती.

येथे थोडे मागे वळून पाहू. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गायन केले. सुमारे तीन मिनिटांच्या त्या मुद्रणांच्या शेवटी त्या इंग्रजीतून आपले नाव उच्चारत. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे तबकड्या तयार करण्यासाठी जात, आणि तेथील तंत्रज्ञांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे, असा त्याचा उपयोग होता. गरज तांत्रिक होती. पण परिणाम असा झाला, की शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्यांचा आवाज त्यांच्या नावापासून वेगळा करता येत नाही. गाण्याच्या शेवटी नाव ऐकू येतेच.

आपल्या संतांनी ही युक्ती त्याहून कितीतरी आधी योजली होती. अभ्यासक्रमात तुम्ही अभंगाच्या रचनेचा विचार केला असेलच. शेवटच्या चरणात येणारी नाममुद्रा ही केवळ रचनेची रूढी नव्हे. अभंग तोंडातून तोंडी जाणार, त्याला पुठ्ठा नाही की वेष्टण नाही, मग कर्त्याची ओळख कोठे ठेवायची? ती गाण्याच्या आतच ठेवली, की जो कोणी गाईल त्याला ती उच्चारावीच लागेल. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटातील सालोमालो तुम्हांला आठवत असेल. तुकोबांच्या रचना तो आपल्या म्हणून मिरवतो. नाममुद्रा बदलल्याशिवाय अभंग चोरता येत नाही, हे त्या पात्राला पक्के ठाऊक होते. नामदेव, जनाबाई, चोखामेळा यांचे शब्द त्यांच्या नावांसह आपल्यापर्यंत आले. चालीला मात्र अशी मुद्रा नसते. म्हणूनच चाली लावणारा माणूस सर्वांत आधी 'पारंपरिक' होतो.

आता व्यवहाराकडे येऊ. अमेरिकेत २००३ च्या एप्रिलमध्ये ॲपलने आयट्यून्सचे दुकान उघडले आणि ९९ सेंटला एक गाणे विकायला सुरुवात केली. लोक पैसे देऊन गाणे उतरवून घेतात, हे तेथे सिद्ध झाले. आपल्याकडे चित्र निराळे होते. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' या नावाने गाण्यांची डाउनलोड विक्री सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती बंद करावी लागली. जे तीस रुपयांत दोनशे मिळते, ते एकेक विकत कोण घेणार? शिवाय किरकोळ रक्कम फोनवरून सहज देण्याची सोयही तेव्हा रुळलेली नव्हती. त्या वर्षांत पैसे मिळत ते कॉलर ट्यूनचे. संपूर्ण गाणे फुकट मिळवणारे लोक त्याच गाण्याच्या अर्ध्या मिनिटासाठी दरमहा पैसे मोजत होते. पुढे २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले, मेमरी कार्डांची दुकाने ओस पडली आणि लोक गाणे उतरवून न घेता थेट ऐकू लागले.

या थेट ऐकण्यातून कलावंताला पैसे कसे मिळतात, हे समजून घ्यायला हवे, कारण याविषयी भ्रम फार आहेत. वर्गणी आणि जाहिराती यांतून जमलेली रक्कम एकत्र केली जाते आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा, तितका वाटा त्या गाण्याच्या हक्कधारकाला दिला जातो. आपल्याकडे एका ऐकण्यामागचा वाटा पैशांत मोजावा लागतो, रुपयांत नव्हे. स्पॉटिफायने तर २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला देणे थांबवले. केवळ या उत्पन्नावर संसार उभारण्याची आशा मराठी अभंग गाणाऱ्याने धरू नये. मग ध्वनिमुद्रण करायचेच कशाला, असे तुम्ही विचाराल. हाच प्रश्न माझ्या एका शिष्येने मला विचारला होता.

ती कवठेमहांकाळ तालुक्यातील. घरी द्राक्षबाग, नवरा शेतकरी. लग्नानंतर तिने गाणे सोडले नाही, आणि गाण्यातच काही करायचे हा तिचा निश्चय होता. २०१९ साली एका कंपनीने तिला सहा अभंगांसाठी पंचवीस हजार रुपये देऊ केले. कागद घेऊन ती माझ्याकडे आली. त्यात तेच शब्द होते, फक्त आता लांबलचक: सर्व हक्क, सर्व ज्ञात आणि भविष्यातील माध्यमांत, कायमस्वरूपी. पंचवीस हजार ही रक्कम तिच्या घरी लहान नव्हती. त्या वर्षी अवकाळी पावसाने बागेचे नुकसान झाले होते. "बाई, तुम्ही सांगाल ते करते," ती म्हणाली. असे कोणी म्हटले की सल्ला देणे अवघड होते.

मी तिला माझी कॅसेट दाखवली आणि वेष्टणावरची ती ओळ वाचायला लावली. मग आम्ही दोघींनी कायद्याची माहिती मिळवली. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला वाटा पूर्णपणे दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, अशी तरतूद तिने चित्रपटगीतांच्या आणि ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत केली. व्यावसायिक वापरातील रॉयल्टीवर गायकासारख्या कलावंताचाही हक्क तिने मान्य केला. संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, हेही मला तेव्हाच नीट समजले. संतांचे शब्द सर्वांचे आहेत. पण गुरुजींच्या चाली अजून सर्वांच्या झालेल्या नव्हत्या.

तिने कंपनीला नकार दिला. हा नकार शहाणपणाचाच होता, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पंचवीस हजार रुपये तर गेलेच. ध्वनिमुद्रण तिने घरीच केले. उसनवार आणलेला माइक, खोलीतील घुमारा मरावा म्हणून चारी भिंतींवर टांगलेल्या गोधड्या, आणि शेजारणीला आदल्या दिवशी केलेली विनंती, की सकाळी नऊ ते अकरा कुकर लावू नका. तबलजींना आणि हार्मोनियमवाल्यांना ठरलेले मानधन तिने आधीच दिले आणि त्यांच्याकडून तशी लेखी पावती घेतली.

पहिल्या वर्षी ऐकण्यातून तिच्या खात्यात आले १,८४६ रुपये. आता दुसरी बाजू पाहा. त्या अभंगांखाली तिचे नाव होते. एका सप्ताहाच्या संयोजकांनी ते वाचून फोन केला. मग दुसरा फोन आला. वर्षभरात चौदा कार्यक्रम झाले. परदेशात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने मुलीसाठी ऑनलाइन शिकवणीची विचारणा केली. पुढे असे नऊ विद्यार्थी झाले. माझा 'अभंग ०७' तिच्या अभंगांपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी ऐकला असेल. पण त्यातून मला एकही निमंत्रण आले नाही, कारण निमंत्रण गाण्याला पाठवता येत नाही, माणसालाच पाठवावे लागते. ध्वनिमुद्रण ही आज विकण्याची वस्तू कमी आणि ओळख अधिक आहे. खरी मिळकत मैफलीतून आणि शिकवण्यातून होते. एका अर्थी ही जुनीच व्यवस्था परत आली आहे. गुरुजीही त्यावरच जगले. फरक असा, की ओळख आता दूरवर जाते, आणि नाव जोडलेले नसेल तर तितक्याच दूरवर हरवते.

तुमच्यापैकी कोणी गात असेल, वाजवत असेल, किंवा कविता लिहून कोणाला चाल लावण्यासाठी देत असेल, तर त्याच्यासाठी एवढेच सांगते. सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचा आणि न समजलेला शब्द विचारा. विचारण्याने कोणी लहान होत नाही. साथीदारांशी ठरलेले सारे लिहून ठेवा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक आंतरराष्ट्रीय संकेतांक मिळतो. त्याला आयएसआरसी म्हणतात. तो जपून ठेवा, कारण जगात कोठेही ते गाणे वाजले तर त्याची नोंद त्यावरून लागते. आणि ते गाणे प्रसिद्ध करताना जो अर्ज भरावा लागतो, त्यातला एकही रकाना घाईने भरू नका.

त्या अर्जाविषयी सांगून थांबते. तिच्या सहा अभंगांत गुरुजींची ती मध्यमावर थांबणारी चालही होती. अर्जात 'संगीतकार' असा रकाना होता, आणि शेजारीच 'पारंपरिक' हा पर्याय. तो निवडला असता तर काम पाच मिनिटांत संपले असते. नाव लिहायचे तर वारसाची संमती हवी होती. गुरुजींची मुलगी इचलकरंजीला असते. आम्ही दोघी तिच्याकडे गेलो, वारसांनाही लेखक-संगीतकारांच्या संस्थेत नोंदणी करता येते हे तिला सांगितले, कागद केले. या साऱ्यात आठ दिवस गेले. मग मी माझ्या हाताने त्या रकान्यात गुरुजींचे पूर्ण नाव लिहिले आणि शुद्धलेखन तीनदा तपासले.

गाणे प्रसिद्ध झाल्यावर पुन्हा इचलकरंजीला गेले आणि फोन तिच्या हातात दिला. गाण्याच्या खाली तिच्या वडिलांचे नाव होते. तिने गाणे लावले नाही. बराच वेळ ती पडद्याकडे पाहत राहिली. पडदा विझला की बोटाने पुन्हा उजळायची आणि पाहायची. मी म्हटले, "अगं, ऐक तरी." ती म्हणाली, "गाणं माझं पाठ आहे. हे आधी बघू दे."

स्वाध्याय

१. 'चालीला मात्र अशी मुद्रा नसते' या विधानाचा अर्थ नाममुद्रेच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. सांगोल्याच्या प्रसंगानंतर लेखिका दुकानदारापेक्षा स्वतःला अधिक जबाबदार का धरते? तुमचे मत लिहा.
३. तुमच्या गावात गायली जाणारी एखादी ओवी, भजन किंवा लोकगीत निवडा. त्याची चाल कोणी लावली याचा ज्येष्ठ मंडळींकडे शोध घ्या आणि जे कळेल ते पंधरा ओळींत लिहा.